रिकाम्या खोलीचे मंत्र

१

मी मंत्र बनवते. हसू नका. बरं, हसा, माझी ताईसुद्धा हसली होती.

सोळा वर्षं मी शाळेत लॅटिन शिकवलं. मग शाळेने तो विषयच काढून टाकला आणि मला ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायला बसवलं. दोन वर्षं गोंद आणि मी, मी आणि गोंद. आणि एके सकाळी घाईसाहेबांचा फोन आला.

घाईसाहेब म्हणजे श्राव्यमालिकांचे दिग्दर्शक. हे नाव त्यांना का पडलं ते त्यांच्याशी अर्धा मिनिट बोललं की कळतं. त्यांनी एका जाडजूड जादूच्या कादंबरीची मालिका करायला घेतली होती. नायिका चेटकीण. आणि गंमत म्हणजे कादंबरीत छत्तीस वेळा लिहिलंय, 'तिने मंत्र पुटपुटला.' मंत्र काय, ते एकदाही लिहिलेलं नाही! वाचताना चालतं हो, वाचणारा पुढे जातो. पण ऐकणाऱ्याला काय ऐकवणार, नुसतं घुं घुं?

"छत्तीस मंत्र पाहिजेत," घाईसाहेब म्हणाले. "जुने वाटले पाहिजेत, खरे वाटले पाहिजेत, आणि कोणाला कळता कामा नयेत. परवापर्यंत देता?"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात चक्क नाचले. माझं लॅटिन! ज्याला घरात कोणी हिंग लावून विचारत नव्हतं ते माझं लॅटिन! वहीवर वही भरायला लागले. इग्निस म्हणजे आग, आपल्या अग्नीचा चुलतभाऊच तो. रोता म्हणजे चाक. दोन्ही मळले की 'इग्निरोला', आगीचं चाक फिरवायचा मंत्र. उंब्रा म्हणजे सावली, फेरो म्हणजे मी वाहून नेते, झालं 'उंब्राफेरो', दुसऱ्याची सावली उचलून न्यायचा मंत्र. धातू खरा हवा, बाकी वर वेलबुट्टी आपली, असा माझा नियम. नुसतं अगडंबगडं मला चालत नाही. जादूच्या गोष्टींतले मंत्र बहुतेक लॅटिनच्या चालीवर का असतात, असं शाळेत मुली नेहमी विचारायच्या. मी म्हणायचे, अगं, मेलेली भाषा आहे ती, तिच्यात काहीही बोला, कोणी उलट उत्तर देत नाही.

चेटकिणीच्या आवाजासाठी मी ताईचं नाव सुचवलं. सुचवलं कसलं, अडून बसले. माझी थोरली बहीण वीस वर्षं आवाजावर जगली. जाहिराती, नाटकं, प्राण्यांच्या चित्रपटातली हरणीची आई, सगळं. मग गळ्यात गाठ झाली, स्वरयंत्राची शस्त्रक्रिया झाली, आणि वर्षभर ती गप्प. माझ्याच घरी येऊन राहिली. आता डॉक्टर म्हणाले होते, रोज एक तास बोला, जास्त नाही. एवढं एक काम तिच्याकडून पुरं झालं की लोक तिला पुन्हा बोलावणार होते. नाही झालं, तर 'गेला बाई तिचा आवाज' हे गावभर पक्कं होणार होतं. तिला दुसरं काही येत नाही. चहासुद्धा धड येत नाही.

२

रेकॉर्डिंग रोज सकाळी अकरा ते बारा. बारा दिवस, रोज तीन मंत्र आणि त्यांच्या आजूबाजूचे संवाद.

घाईसाहेबांचा एक हट्ट होता. मंत्र ताईला आधी दाखवायचा नाही. एकेक मंत्र एकेका कार्डावर लिहून, पाकिटात बंद करून मी आणायचा आणि ताईने ते पाकीट माइकसमोरच फोडायचं. "तोंडालासुद्धा नवल वाटलं पाहिजे," असं ते म्हणत. हे सांगून ते जे पळत, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मिनिटं उगवत. त्यामुळे उद्याचा मंत्र काय, हे जगात फक्त मला ठाऊक असे.

उरलेला माणूस म्हणजे कानसेन. आमचे ध्वनिमुद्रक, वय सत्तावन्न, त्यांना शेजारच्या इमारतीत कोणी मोजे बदलले तरी ऐकू येतं असं लोक सांगतात. त्यांची खोली काचेच्या अलीकडे, ताईची काचेच्या पलीकडे. पलीकडची खोली छोटीशी, चारी भिंतींना राखाडी फोम, मध्ये माइक, कागद ठेवायचा स्टँड, एक उंच स्टूल. माइकपुढे कानसेननी टिशू पेपरची एक पट्टी टांगलेली. 'प', 'फ' म्हणताना तोंडातून वाफ सुटते ना, ती माइकवर आदळतेय का, हे ती पट्टी हलली की कळतं. घरगुती युक्ती, पण कानसेनना तिचा मोठा अभिमान.

आणि रोज काम संपलं की तीस सेकंदं शांतता.

ही शांतता रेकॉर्ड करायची असते, बरं का. मला माहीतच नव्हतं! प्रत्येक खोलीचा एक आवाज असतो, कोणी बोलत नसतानाचा. दोन वाक्यांच्या मध्ये साफ निःशब्द ठेवलं तर ऐकणाऱ्याला बहिरं झाल्यासारखं वाटतं, म्हणून त्या भेगांत हा रिकाम्या खोलीचा आवाज भरतात. तीस सेकंदं जो तो जिथे असेल तिथे पुतळा. खोकायचं नाही, हलायचं नाही.

पहिल्या दिवशी ताईने पाकीट फोडलं, एकदा कार्ड पाहिलं आणि म्हणाली, "इग्निरोला!"

काय सांगू तुम्हाला! वर्षभर बंद असलेला तो आवाज, खालून गरम, वर किंचित खरखरीत, आणि शब्द संपवताना शेवटी ती जे अगदी पुसटसं हसते, ते सगळं जसंच्या तसं. माझा शब्द! गोंद लावता लावता सुकलेली मी, आणि माझा शब्द खोलीत उभा! मी काचेमागे रडले. कानसेननी न बघता रुमाल पुढे केला.

मग तीस सेकंदं. ताई आत पुतळा, आम्ही बाहेर पुतळे. कानसेन हेडफोन लावून ऐकत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"श्वास कोणी घेतला?"

"सगळेच घेतो हो," मी म्हटलं. "सवय आहे."

"तसा नव्हे. बोलायच्या आधी घेतात तसा."

पुन्हा घेतलं. पुन्हा तोच. विसाव्या सेकंदाला कोणीतरी छातीभर हवा आत घेतो, आणि मग काही नाही. कानसेननी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच शिंकले होते. चूक गळ्यात पडली ती पडली, मी घेतली.

३

दुसऱ्या दिवशी श्वास. तिसऱ्या दिवशी श्वास आणि मागोमाग ओठ सुटल्याचा बारीक आवाज. चवथ्या दिवशी कानसेननी ताईला बाहेर काढलं, दार लावलं आणि रिकामी खोली रेकॉर्ड केली. आम्ही तिघे काचेच्या अलीकडे. पलीकडे माइक, स्टँड, स्टूल, बस्स.

कानसेननी ऐकलं. मग हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.

खोलीची ती पोकळ सूं. श्वास. ओठ. आणि एक शब्द, जडशीळ, तोतरा, खूप दिवसांनी जीभ वळवणाऱ्याचा. बाई की पुरुष, सांगता येईना.

"वेंतिसोम्ना."

वेंतुस म्हणजे वारा, सोम्नुस म्हणजे झोप. वाऱ्याला झोपवायचा मंत्र. पाचव्या दिवसाचा पहिला! पाकीट बंद, पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर.

"काय म्हणतंय ते?" कानसेननी विचारलं.

"पाइपमधलं पाणी असेल," मी म्हटलं.

का असं म्हटलं? भीती वाटली म्हणून नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मला वाटलं हे ताईचं काम. एकाच घरात राहतो आम्ही, पातळ भिंत, मी लिहिताना पुटपुटते, हिने ऐकलं असणार आणि आधीच कधीतरी हळूच रेकॉर्ड करून ठेवलं असणार. लहानपणी माझ्या बाहुलीला दोरा बांधून तिने मला आठ दिवस घाबरवलं होतं. जित्याची खोड!

घरी जाताना मी तिला धरलीच. "ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? तूच ना ती?"

"कोण मी?"

"वेंतिसोम्ना."

"ते काय असतं? अगं ठमे, डोकं ठिकाणावर आहे ना?" ताई लहानपणापासून मला ठमीच म्हणते. तिने रस्त्यातच थांबून गळ्याला हात लावला. "माझ्या गळ्याची शपथ. मी काही केलं नाही." वर्षभर ज्या गळ्यासाठी तिने काय काय सोसलं त्याची शपथ ती गमतीत घेणार नाही, हे मला माहीत होतं.

मग मी परीक्षा घेतली, मास्तरीणबाई ना शेवटी! पाचव्या दिवशी स्टुडिओच्या जिन्यात उभं राहून, ओठ घट्ट मिटून, डोक्यातल्या डोक्यात, उद्याच्या एका मंत्राऐवजी, एक नवाच मंत्र बनवला. नूबेस म्हणजे ढग, कापेरे म्हणजे पकडणे. 'नुबिकापा.' कार्डावर लिहिला, जिभेने पाकिटाचा गोंद ओला केला, चिकटवला. काम झालं, खोली रिकामी केली, तीस सेकंदं घेतली, आणि मी ऐकलं.

"नुबिकापा."

कालच्यापेक्षा स्पष्ट.

अंगावर काटा आला, पण खरं सांगू? आनंदाने आला. तुम्हाला कळणार नाही. सोळा वर्षं तीस-तीस मुलींसमोर मी लॅटिन बोलले आणि समोरून जांभया आल्या. इथे एक भिंत माझे शब्द मी उच्चारायच्या आधी ओळखत होती! कोण आहे, कुठून आहे, असले प्रश्न शहाण्या माणसाला पडतात. मला पडला तो एवढाच, की उद्या काय म्हणेल? त्या संध्याकाळी मी पुढचे मंत्र पुन्हा घासून पुसून लखलखीत केले. पाहुणा येणार म्हणून घर आवरावं तसे.

ताईला सांगितलं नाही. कानसेनना बहुतेक कळलं होतं. ते म्हणाले, "बाई, मला निवृत्त व्हायला आठ महिने राहिलेत. मला काही ऐकू आलेलं नाही." सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही ऐकू आलं नसेल.

४

सहाव्या दिवशी ताई एका शब्दावर अडकली. आवाज आला तो नुसता वारा. पाणी प्यायली, पुन्हा म्हणाली, झालं. "नवीन चाक आहे, कुरकुरणारच," म्हणाली.

आठव्या दिवशी घरी तिने मला हाक मारली आणि मला ऐकूच गेली नाही. मी शेजारच्या खोलीत होते. ती दारात येऊन उभी, तोंड हलतंय, आणि आवाज कुठून तरी लांबून.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. दोनदा पाहिलं. पडद्यावर मलाही दाखवलं. "उत्तम भरून आलंय. स्वच्छ. आवाज यायलाच पाहिजे." मग स्वतःशीच म्हणाले, "का येत नाही?"

नवव्या दिवशी मी हेडफोन लावला तो घाबरतच. इतके दिवस मी शब्द ऐकत होते, शब्दांच्या नादात आवाजाकडे माझं लक्षच नव्हतं. लापिस म्हणजे दगड, कोर म्हणजे काळीज. काळजाचा दगड करायचा मंत्र.

"लापिकोर्दा," खोली म्हणाली. खालून गरम, वर किंचित खरखरीत. आणि शब्द संपला तिथे अगदी पुसटसं हसली.

मी हेडफोन ओढून काढला. मूर्ख बाई! मी माझ्या शब्दांची आरती ओवाळत बसले होते, आणि हा जो कोण होता तो माझ्या ताईला घोट घोट पीत होता. रोज एक शब्द आधी म्हणायचा, आणि त्या शब्दाला ताईचा तेवढा आवाज कमी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हात माझा, अवलक्षण तिचं.

त्या दुपारी मी ताईला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"मला शंका होतीच," ती कुजबुजली. "आत उभी असते तेव्हा पाठीशी कोणीतरी शब्द पाठ करतंय असं वाटतं."

"मग बोलली का नाहीस? सोडून देऊ आपण. चुलीत गेली ती मालिका!"

"आणि मग काय करू?" तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "नऊ मंत्र राहिलेत, ठमे. नऊ. एवढे म्हणून होऊ देत. मग गेला तर गेला. अर्ध्यावर गेला असं नको व्हायला."

मी नको म्हणायला हवं होतं. लहान बहीण आहे मी, पण त्या दिवशी तरी मोठं व्हायला हवं होतं. दहाव्या दिवशीचे तीन मंत्र तिने कसे म्हटले ते तिचं तिलाच ठाऊक. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. शेवटचा शब्द संपवला, हसायला गेली, आणि तेवढं हसू बाहेर आलंच नाही.

संध्याकाळी तिने पाटी आणली, खडूने लिहिलं, 'गेला.' आणि मग पुसून लिहिलं, 'रडू नकोस, नाक लाल होतं तुझं.'

५

अकराव्या दिवशी घाईसाहेबांनी दोनऐवजी एक मिनिट दिलं. "सहा मंत्र राहिलेत. उद्या अकराला मिळाले तर ठीक, नाहीतर दुसरी बाई बोलावतो, पहिल्यापासून सगळं नवीन. मला वाईट वाटतं, पण घाई आहे."

ताई तिथेच उभी होती. तिने मान डोलावली, पर्स उचलली आणि जिना उतरायला लागली, पाय मोजत, म्हाताऱ्या माणसासारखी. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

घरी आले ती वही घेऊन बसले. त्याने आवाज नेला तो माझ्या शब्दांनी ना? मग माझ्याच शब्दाने परत करेल! रेद्दे म्हणजे परत दे. वॉक्स म्हणजे आवाज, आपली वाचा तीच. छत्तीस मंत्रांत नसलेला, कादंबरीत कुठेच नसलेला, सदतिसावा. 'रेद्दिवॉका.' माझं मलाच हसू आलं. चाळीस ओलांडलेली बाई, जेवणाच्या टेबलावर बसून खरा मंत्र लिहितेय! अक्कल म्हणत होती, अगं, हा घशाचा आजार आहे, आणि तो आवाज म्हणजे तारांचा घोटाळा. अक्कल बरंच काही म्हणते. नुबिकापाबद्दल मात्र ती चूप होती.

बाराव्या दिवशी आम्ही दहालाच पोचलो. मी सहा पाकिटं माझ्या हाताने फोडली, सहा कार्डं आतल्या स्टँडवर ओळीने मांडली आणि शेवटी सातवं ठेवलं. बाहेर आले. दार लावलं.

"शांतता रेकॉर्ड करायचीय," मी कानसेनना म्हटलं. "मोठी. पाच मिनिटं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईकडे. "माझे आठ महिने..." एवढं म्हणाले, आणि बटण दाबलं. आज त्यांनी आवाज हेडफोनला न देता स्पीकरला दिला. एकट्याने ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

सूं. श्वास. आता आम्ही तिघेही काचेतून बघत होतो. खोलीत कोणी नव्हतं. फक्त माइकपुढची टिशूची पट्टी आत ओढली गेली, हळूच बाहेर आली, पुन्हा आत.

पहिला मंत्र. दुसरा. तिसरा. अहाहा! काय म्हटले! आजारपणाच्या आधीची ताई, ऐन तिशीतली, जिच्यासाठी लोक रेडिओचा आवाज वाढवायचे. ताई काचेला दोन्ही हात लावून उभी होती, तोंड उघडं. स्वतःलाच ऐकत होती. मी तिला इतकी भुकेली कधी पाहिली नव्हती. चवथा, पाचवा, सहावा. छत्तीस पुरे झाले. तिचं काम झालं, तिचं नाव राहिलं, आणि मी त्या तेवढ्या क्षणात लाज सोडून आनंदाने उडी मारली.

मग सातवं कार्ड.

पट्टी आत. बाहेर. आत. काही नाही. कानसेनच्या यंत्रावरचे सेकंद पळत होते. वीस, तीस, चाळीस.

"हा तू म्हण, ठमे," ताईचा आवाज म्हणाला. लॅटिन नव्हे, आपल्यासारखं, घरच्यासारखं, आणि शेवटी तेच पुसटसं हसू.

कानसेन खुर्चीसकट मागे गेले. ताईने माझं मनगट पकडलं. दुसऱ्या हाताने पाटी शोधली, खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने लिहिलं, 'नको.' खाली तीन रेघा ओढल्या.

"अगं, माझा आवाज जाईल फार तर," मी म्हटलं. "भसाडा आवाज माझा, गेला तर गल्लीत कोणी रडणार नाही. उलट पेढे वाटतील." मी हसत होते. खोटं नाही, मला त्या वेळी खरंच आनंद झाला होता. इतके दिवस करून ठेवलेली घाण निस्तरायची मला संधी मिळाली होती. मी तिचा हात सोडवला.

६

दार माझ्यामागे लागलं आणि सगळे आवाज एकदम कापले गेले. फोमच्या त्या खोलीत आपलं रक्तसुद्धा कानात ऐकू येतं. माझं येत होतं, धाडधाड.

स्टूल थोडं तिरकं होतं. मी सरळ करायला हात लावला तर बसायची जागा कोमट लागली. दिव्यामुळे, मी स्वतःला सांगितलं. वर दिवा होता, खरंच होता. मी बसले नाही.

माइकसमोर उभी राहिले. पट्टी आत, बाहेर. माझा श्वास मी धरून ठेवला. पट्टी आत, बाहेर. म्हणजे माझ्या आणि माइकच्या मध्ये वीतभर जागेत कोणीतरी होतं, माझ्याकडे पाठ करून की तोंड करून, ते कळायला मार्ग नव्हता. मग माझ्या ओठांना ओलसर ऊब लागली. तोंड करूनच होतं.

मी डोळे मिटले नाहीत. नीट पाहिलं. राखाडी फोम, स्टँड, सात कार्डं. सातव्या कार्डावर माझं अक्षर, आणि त्यावरून माझ्या समोर एक बारीकशी सावली सरकत होती, ओळीवरून बोट फिरवत वाचणाऱ्याच्या बोटाची.

"रेद्दिवॉका," मी म्हटलं.

माझ्याच भसाड्या आवाजात. घसा खाकरल्यासारखा निघाला बिचारा. मी वाट पाहिली. पट्टी एकदा जोरात माझ्याकडे उडाली, माझ्या नाकाला लागली, आणि लोंबकळली. मग हललीच नाही. घशात काहीतरी गरम उतरलं, उन्हाळ्यात घाईने चहा प्यावा तसं. एवढंच. दुखलं नाही.

खोली रिकामी झाली. कसं सांगू, पण ते कळतं. पाहुणे गेल्यावर घर कळतं ना, तसं. मी काचेकडे धावले. ताई पलीकडे उभी, तिचे ओठ हलत होते, एक हात गळ्यावर. बोलत होती! बोलते आहे बघा! काचेमुळे मला ऐकू येत नव्हतं एवढंच. झालं! जमलं! मी माझ्या ताईचा आवाज परत आणला! मी दोन्ही हात काचेवर आपटले आणि जिवाच्या आकांताने ओरडले,

"ताई!"

माइक चालूच होता. माझी हाक स्पीकरवरून तिकडे गेली.

खालून गरम. वर किंचित खरखरीत. मला माझ्या कवटीच्या आत ऐकू आली ती. मी हात तोंडावर ठेवला. बोटांखाली, हाक संपली तिथे, माझे ओठ आपोआप अगदी पुसटसे हसले.

ताईचे ओठ थांबले. आता कळलं, ती बोलत नव्हती. नुसती प्रयत्न करत होती.

'परत दे' असं ज्याने म्हटलं, आवाज त्यालाच मिळणार ना? एवढी साधी गोष्ट. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या मी, आणि हे मला सुचलं नाही.

"ताई, मी... अगं, मी नाही गं..." मी म्हणत होते, आणि प्रत्येक शब्द तिचा होऊन बाहेर पडत होता. कानसेननी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी दाताखाली ओठ चावला. ठरवलं, गप्प व्हायचं, आयुष्यभर गप्प व्हायचं, आत्तापासून.

पण ताई पाटी उचलत होती. खडूचा तो उरलेला तुकडा, अक्षर वाकडं. 'नको' पुसून तिने त्याच जागी लिहिलं आणि पाटी काचेला टेकवली.

'बोलत राहा.'

मग तिने डोळे मिटले आणि कपाळ काचेला लावलं. मी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे, लहानपणचं, बाहुलीचं, आईचं, जे तोंडाला येईल ते. मी रडतेय हे आवाजात येऊ नये म्हणून जपत होते, कारण आवाज तिचा होता, आणि तिला तो कितीतरी दिवसांनी ऐकायला मिळत होता.